लग्नाचं नंतर विचारा, आधी मुलाचं विचारा

धार आणि देवास येथील अभिभाषक संघांच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



आपल्यापैकी कित्येक जण घरी मराठी बोलतात, पक्षकाराशी माळवी आणि न्यायासनासमोर हिंदी. पवारांच्या राज्यात इथे येऊन वसलेल्या घराण्यांतले वकील धारला आहेत, देवासच्या थोरल्या-धाकट्या दोन्ही पात्यांतही होते आणि आहेत. म्हणून हे पत्र मराठीत. मी वकील नाही. ज्यांना कचेरीची पायरी एकटीनं चढवत नाही अशा बायकांसोबत जायचं, त्यांचे कागद त्यांना वाचून दाखवायचे, पुढची पेशी कधी आहे ते त्यांच्या ध्यानात राहील असं बघायचं, एवढाच माझा आपल्या व्यवसायाशी संबंध. त्या निमित्तानं आपल्या टेबलासमोरच्या बाकावर बसून जे कानांवर आलं, त्याबद्दल हे गाऱ्हाणं आहे. रागानं लिहिते आहे, पण आदर सोडून नव्हे.

लग्नाशिवाय मूल झालेली बाई आपल्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला: "लग्न झालं होतं का?" मग फोटो, पंडित, साक्षीदार. तिनं मान हलवली की एक तर "मग काही होणार नाही" असं सांगून तिला वाटेला लावतात, नाहीतर एखाद्या देवळात माळा घातल्याची गोष्ट अर्जात लिहून देतात. उलटतपासणीत ती गोष्ट कोसळते आणि तिच्याबरोबर मुलाचाही दावा बुडतो. त्याच मुलाचा बाप दुसऱ्या टेबलाशी गेला, तर त्यालाही तोच प्रश्न. त्याचं उत्तर "नाही" आलं की वकील निर्धास्त: "मग तुमच्यावर काहीच लागत नाही, जा घरी." दोन्ही ठिकाणी कायदा चुकीचा सांगितला जातो, आणि ज्याच्याबद्दल तो सांगायचा ते पोर आईच्या मांडीवर झोपलेलं असतं.

आपल्याला कलमं शिकवण्याचा आगाऊपणा माझा नाही. पण जे आपल्याला पाठ आहे ते पक्षकाराला का सांगितलं जात नाही, हे तरी विचारू द्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, पोटगीच्या हकदारांत औरस आणि अनौरस अपत्याला एकाच दमात घेतं. स्वतःचं पोट भरू न शकणारं मूल आणि पुरेसं उत्पन्न असूनही त्याला सांभाळायला नकार देणारा बाप, एवढं दिसलं की पुरे. १८९८च्या इंग्रजी अमदानीतल्या संहितेतही कलम ४८८ खाली अनौरस मुलाला हा हक्क होता. म्हणजे ही काही कालपरवाची पाश्चात्त्य सवलत नव्हे; शंभर वर्षांहून अधिक काळ ती आपल्या पुस्तकात आहे. नव्या संहितेचं पुढचं कलम १४५ तर आणखी बोलकं आहे. अर्ज कुठे करता येईल हे सांगताना त्यात अनौरस मुलाच्या आईबरोबर तो माणूस शेवटचा जिथे राहिला ते ठिकाणही धरलं आहे. पीथमपूरच्या कारखान्यात दोन-तीन वर्षं काम करून, कुणाबरोबर तरी खोली घेऊन राहून, मग बिहारला किंवा उत्तर प्रदेशात निघून गेलेला कामगार डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावरचा अर्ज धार जिल्ह्यातच करता येतो. तिला पाटण्याचं तिकीट काढावं लागत नाही. हे वाक्य कायद्यात आहे, याचा अर्थ कायदा करणाऱ्यांनी असा बाप पाहिलेला होता. आपणच त्याला बघायला तयार नाही.

महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेली दोन प्रकरणं आपण महाविद्यालयात वाचली असतील. जानेवारी १९८८मध्ये एका पाठोपाठ एक निकाल आले. यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न शून्य, त्यामुळे दुसरीला पत्नी म्हणून पोटगी नाही. लगोलग बकुळाबाईंच्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, बाईला नाही, पण मुलाला आहे. तो अनौरस ठरला तरी आहे. पहिला निकाल कठोर होता आणि २०१३मध्ये बादशहा प्रकरणात, पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईपुरता, न्यायालयानं तो बराच सौम्य केला. दुसरा मात्र जसाच्या तसा उभा आहे. मग आपल्या अर्जात आईचा आणि मुलाचा दावा अजूनही एकाच दोरीला का बांधलेला असतो? आईचं पत्नीपण सिद्ध झालं नाही तर मुलाचंही गेलं, अशी मांडणी कोणत्या निकालावरून शिकलात?

फार लांब जायला नको. एप्रिल २०२४मध्ये आपल्याच मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं बालाघाटच्या एका प्रकरणात निर्णय दिला. देवळात लग्न लागल्याचं त्या बाईला सिद्ध करता आलं नव्हतं. तरी दोघं दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले, मूल झालं, एवढ्यावर खालच्या न्यायालयानं तिला लावून दिलेली दरमहा दीड हजाराची पोटगी उच्च न्यायालयानं कायम ठेवली. दीड हजार म्हणजे काही मोठं घबाड नव्हे. पण त्यासाठी तो माणूस जबलपूरपर्यंत गेला, यावरून पोटगीची चीड पैशापेक्षा नाकात जास्त असते असं मला वाटतं.

आता स्टॅम्पपेपरबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त राग त्यावर आहे. कचेरीच्या आवारात शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर "विवाह अनुबंध", "मैत्री करार", "लिव्ह-इन इकरारनामा" अशा नावांचे कागद नोटरीच्या लाल शिक्क्यासह मिळतात. मुलीला वाटतं आपलं लग्न झालं. मुलाला वाटतं आपण सुटलो, कारण त्याच कागदात एक ओळ अशीही घुसवलेली असते की भविष्यात कोणीही कुणावर कोणताही हक्क सांगणार नाही. कागद लिहिणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं की दोघांचंही वाटणं खोटं आहे. नोटरीपुढे हिंदू लग्न लागत नाही. आपल्या उच्च न्यायालयानं नोटरींच्या या धंद्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढलेले आहेत, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयानंही लेखी बजावलं की नोटरीची नेमणूक विवाह अधिकारी म्हणून झालेली नाही, लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त त्यांनी करू नयेत. आणि जे मूल अजून जन्माला आलेलं नाही त्याची पोटगी आईबापांनी आधीच सोडून देण्याची ती ओळ? तिच्या जोरावर कोणताही बाप मुलासमोर सुटत नाही. तरी ती लिहिली जाते आणि फीही घेतली जाते. माझी विनंती साधी आहे: अभिभाषक संघानं ठराव करून आपल्या सदस्यांना अशा कागदांपासून लांब ठेवावं. नाहीतर निदान त्यावर ठळक अक्षरांत लिहावं की यानं लग्न होत नाही आणि बापपण टळत नाही.

देवासकडची, विशेषतः सोनकच्छ, टोंकखुर्दपासून शाजापूर-आगर-राजगडकडे सरकत गेलेली गावं नातऱ्याची. पहिल्या नवऱ्याला सोडून बाई दुसऱ्याच्या घरी राहायला जाते. नवा माणूस जुन्याला रक्कम देतो, तिकडे तिला झगडा म्हणतात. पंचांसमोर छोडछुट्टी, म्हणजे काडीमोड, होते किंवा होतही नाही. पुढे मूल होतं आणि दोन-चार वर्षांनी हा दुसराही हात झटकतो. इथे हा खरा बाप फार सोयीच्या जागी बसलेला असतो. साक्ष कायद्याचं जुनं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६, म्हणतं की कायदेशीर लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल हे नवऱ्याचंच, मग ते कुणाचंही असो. त्या काळात नवरा-बायकोची भेट होणं शक्यच नव्हतं हे सिद्ध केलं तरच सुटका. जानेवारी २०२५मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा ठासून सांगितलं. आईच्या नवऱ्याशिवाय दुसऱ्याच माणसाला आपला बाप म्हणून पोटगी मागणाऱ्या मुलाला डीएनए चाचणी मिळाली नाही. कारण आई आणि तिचा नवरा त्या काळात एकत्र होते.

मग नातऱ्यातल्या मुलाचं काय? त्याचा कायद्यातला बाप तो पहिला, ज्यानं त्याचं तोंडही बघितलेलं नाही. आणि खरा बाप कायद्याच्या आडोशाला सुरक्षित. ही गाठ सोडवायची असेल तर वकिलाला दोनपैकी एक काम मेहनतीनं करावं लागतं. पहिलं, छोडछुट्टीची रूढी त्या जातीत खरोखर आहे हे पंच, जुने कागद, इतर उदाहरणं आणून सिद्ध करायचं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) रूढीनं होणारा काडीमोड मान्य करतं. तो सिद्ध झाला तर पहिलं लग्न संपलं आणि नातरा हेच लग्न उभं राहिलं. दुसरं, ते जमत नसेल तर नवऱ्याशी भेट अशक्य होती याचा पुरावा उभा करायचा: तो मोरबीला होता की सुरतला, गावात कधी आला होता, रेशनकार्डावर कोण कुणासोबत आहे. यात कष्ट आहेत, हे मान्य. पण अर्जात "नातरे से पति" एवढं लिहून मोकळं झालं की पुढच्याच पेशीला समोरचा वकील पहिल्या नवऱ्याचं नाव काढतो आणि पोरगं दोन्हीकडून बिनबापाचं होतं.

धार जिल्ह्याची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती आपण देवासच्या मापानं मोजता. धारची अर्ध्याहून अधिक वस्ती आदिवासी आहे. कुक्षी, डही, बाग, गंधवानी, तिरला या भागांत तर भिल, भिलाला हीच बहुसंख्या. देवासमध्ये बागली-उदयनगरच्या बाजूला थोडंफार तसंच. हिंदू विवाह कायदा, दत्तक व निर्वाह कायदा, पालकत्वाचा कायदा, उत्तराधिकाराचा कायदा, यांपैकी पालकत्वाच्या कायद्याचं कलम ३(२) आणि बाकी तिन्हींचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारनं अधिसूचना काढल्याशिवाय ते अनुसूचित जमातींना लागू नाहीत. तरी भिलाला बाईच्या अर्जात सात फेरे आणि होम घातलेले मी डोळ्यांनी वाचले आहेत. तिच्या समाजात फेऱ्यांवर काही अडलेलं नसतं. दापा, म्हणजे मुलीच्या बापाला द्यायची रक्कम, ठरला, निम्मा दिला, पोरगी नांदायला आली. विधी पुढे पैसे जमतील तेव्हा होतो, कधी मुलांच्या देखत होतो. (भगोरिया म्हणजे पोरी पळवण्याची जत्रा, ही वर्तमानपत्री समजूत वकिलांच्या तोंडीही असावी याचं मात्र वाईट वाटतं.) अशा संसाराला लग्न म्हणायचं की नाही याचा खल वर्षभर चालतो. खरं तर तो खल टाळून मुलाचा अर्ज कलम १४४ खाली सरळ चालवता येतो. ते कलम हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, भिल, कुणालाच वेगळं काढत नाही.

त्या भागात वाद आधी भांजगडीत जातो. पटेल, तडवी, चार जाणते बसतात, रक्कम ठरते, तोड होते. भांजगडीला मी नाक मुरडणार नाही; कचेरीच्या तुलनेत ती लवकर होते, तिला बसभाडं लागत नाही आणि तिची भाषा लोकांना कळते. पण तोड होते ती मुलाकडचे आणि मुलीचा बाप यांच्यात. पैसा मुलीच्या बापाच्या हाती जातो आणि त्यात पोराचा वाटा कुणी मोजत नाही. मध्य प्रदेशानं नोव्हेंबर २०२२मध्ये आदिवासी भागांतल्या ग्रामसभांच्या अधिकारांबद्दलच्या पेसा कायद्याचे नियम लागू केले आणि ग्रामसभेला शांती व विवाद निवारण समिती मिळाली. आपल्यातल्या कुणी या समित्यांपुढे जाऊन एवढं तरी सांगावं: आईबापांचा तंटा तुम्ही खुशाल मिटवा, पण पोराची पोटगी त्यात मिटत नाही, ती त्याची आहे, आजोबाची नव्हे.

मुलगी अठराच्या आतली असेल तर सगळंच वेगळ्या दिशेला जातं. पोक्सोत संमतीला अर्थ नाही. पोरगा, बहुतेक वेळा तोही एकोणीस-वीसचा, तुरुंगात जातो. जामिनाच्या अर्जात "आरोपी लग्नाला तयार आहे" हे वाक्य हमखास असतं. "आरोपी मुलाच्या खर्चाला तयार आहे" हे मी अजून एकाही अर्जात वाचलेलं नाही. पुढचं बोलायला मला इथे जागा नाही आणि धीरही नाही.

डीएनएबद्दल मात्र बोललं पाहिजे. बापाकडून उभा राहिलेला वकील तिचा उपयोग वेळ काढायला करतो: आधी "मूल माझं नाही", मग "चाचणीला तयार आहे", मग नमुना देण्याच्या तारखेला गैरहजर. न्यायालयं चाचणीचा आदेश सहजासहजी देत नाहीत आणि देऊही नये. फेब्रुवारी २०२३मध्ये पुण्याच्या एका दांपत्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलाच्या रक्ताची चौकशी हे आईबापांच्या भांडणातलं हत्यार नव्हे. पण बाई कुणाशीही विवाहित नसेल तर ११६चा अडसर येत नाही, आणि चाचणी टाळणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडचे मुख्यमंत्री राहिलेले नारायणदत्त तिवारी रक्त द्यायला किती वर्षं टाळाटाळ करत राहिले ते आठवा. अखेर २०१२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अहवाल उघडला गेला आणि रोहित शेखर त्यांचा मुलगा निघाला. देशातले उत्तमोत्तम वकील हाताशी असूनही ते टळलं नाही. आपला पक्षकार ट्रॅक्टरच्या शोरूमचा मालक असेल. त्याचंही टळणार नाही. त्याला हे पहिल्याच भेटीत सांगितलंत तर पोराची तीन वर्षं वाचतील.

आणि पैशाचा हिशेब. नोव्हेंबर २०२०मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र दाखल करणं बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कलमातच आहे. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ही शेवटची गोष्ट किती बायकांना सांगितली जाते? आदेश हातात घेऊन त्या वाट बघत बसतात, वर्ष उलटतं आणि मग कळतं की मागचे पैसे गेले.

आतापर्यंत बाप पळणारा धरला. सगळेच पळत नाहीत. ज्यांना पोराचा बाप व्हायचं आहे, पण लग्न झालं नाही, होऊ दिलं नाही, जात आडवी आली किंवा दोघांचं पटलं नाही, असेही पुरुष आपल्याकडे येतात. त्यांना आपण काय सांगता? "तुमचा काही अधिकार नाही." हेही अर्धवटच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६(ब) अनौरस मुलाची पहिली पालक आई मानतं आणि तिच्यानंतर बाप. जुलै २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्व मागण्याची मुभा दिली. त्या प्रकरणातल्या बापानं मुलाची कधी विचारपूसही केली नव्हती. निकालाची ही बाजू बाप मंडळींना सांगा: ज्यानं विचारपूस केली त्याच्यासाठी दार बंद झालेलं नाही. पालकत्वाचे आदेश कधीच अंतिम नसतात, बाप पुढे येऊन मुलाच्या हितासाठी ते पुन्हा उघडायला लावू शकतो, हे त्याच निकालात म्हटलं आहे. शिवाय १८९०चा पालक आणि पाल्य कायदा आहे, तो भिलांनाही लागू आहे. भेटीची वेळ, सुट्टीतले दिवस, शाळेच्या निर्णयात बोलण्याची जागा, हे त्याखाली मागता येतं. आईच्या डोक्यावर बसण्याचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही. मुलाचं हित हे एकच माप.

इंग्लंडमध्ये १ डिसेंबर २००३ पासून अविवाहित बापानं आईसोबत जाऊन जन्मनोंदीत आपलं नाव लिहवलं की त्याला कायदेशीर पालकत्वाची जबाबदारी आपोआप मिळते. हक्क आणि ओझं एकाच सहीत. आपल्याकडे असा कायदा नाही. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेनं २०२५च्या जानेवारीपासून लिव्ह-इनमधल्या अपत्याला औरस म्हटलं आहे. त्या संहितेतली नोंदणीची सक्ती मला अजिबात आवडत नाही, पण हे एक कलम आवडतं. मध्य प्रदेशात बापाला जे करायचं ते स्वतःहून करावं लागेल: पोटगी मागण्याआधी सुरू करावी, बँकेतून द्यावी म्हणजे पुरावा राहील, जन्मनोंदीसाठी आईबरोबर जावं. असा सल्ला देणारा वकील त्याला भेटायला हवा.

शेवटचं गाऱ्हाणं वारसाहक्काचं, आणि इथे पवारांच्या गावात बसून थोडा इतिहास आठवल्याशिवाय राहवत नाही. आपल्या जुन्या घराण्यांत लेकावळे, म्हणजे दासींपासून झालेली मुलं, होते हे कुणाला सांगायला नको. सरदारांच्या वाड्यांत ते वाढले, फौजेत लढले. मिताक्षरेत द्विजाच्या अनौरस मुलाला फक्त पोटापुरतं मिळे, पण शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मालमत्तेत वाटा होता. मुलीला अर्थात काहीच नव्हतं. त्यामुळे कोर्टात मोठी गंमत व्हायची. तंजावरच्या शेवटच्या भोसले राजाच्या वारशाचा वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला, तेव्हा अनौरस मुलांच्या हक्कासाठी राजा क्षत्रिय की शूद्र, याचा निवाडा करावा लागला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं ही सगळी उतरंड मोडली, ते चांगलंच केलं. पण मोडताना अनौरस मुलाचं नातं कलम ३(१)(ज)नं फक्त आईशी आणि भावंडांशी ठेवलं. बापाकडून वारशानं काही नाही. म्हणजे दासीपुत्राला पूर्वी जे थोडं मिळत होतं तेही गेलं. १ सप्टेंबर २०२३ला रेवणसिद्दप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी शून्य विवाहातल्या मुलांना बापाच्या वाट्यातला हिस्सा दिला, वडिलोपार्जित मालमत्तेतल्या बापाच्या वाट्यासह. लक्षात घ्या, त्यांना दिला ज्यांच्या आईबापांचं लग्न निदान लागलं तरी होतं. ज्यांचं लागलंच नाही त्यांना नाही. दीर्घ सहवासावरून लग्न गृहीत धरायला जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा मोकळीक दिली आहे, पण त्यासाठी दावा लढावा लागतो, बाप गेल्यावर, चुलत्यांविरुद्ध.

म्हणून जो अविवाहित बाप जमीन, प्लॉट, दुकान घेऊन आपल्याकडे नोंदणीला येतो, त्याला मृत्युपत्राचं विचारा. ही एकच सूचना दिलीत तरी एखाद्या पोराचं घर वाचेल. लग्नाच्या बायकोची मुलं असलेल्या पक्षकाराला हे विचारणं अवघड जातं, मला कळतं. पण तो मेल्यावर दोन्ही घरच्या मुलांना कचेरीत समोरासमोर उभं करणं अधिक अवघड आहे.

आता मागण्या. मुलाचा पोटगीचा अर्ज मुलाच्या नावानं, आईच्या दाव्यापासून वेगळा करून दाखल करावा. आईचा वेगळा चालू द्यावा. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जमातीचे लोक यांना १९८७च्या कायद्यानं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. फी परवडत नाही असं म्हणणाऱ्या बाईला हे सांगायला लाजू नये. बापाकडून वकीलपत्र घेताना त्याला आधी सांगावं की मूल त्याचं असेल तर खर्च द्यावाच लागेल, तोही अर्जाच्या तारखेपासून. विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरात हुंडा आणि घरगुती हिंसाचाराच्या भाषणांनंतर दहा मिनिटं याही विषयाला द्यावीत, आणि कुक्षीला ते भाषण भिलालीत व्हावं. अभिभाषक संघाच्या वाचनालयात अशा अर्जाचा एक नमुना ठेवावा. कनिष्ठ वकील नमुन्यावरूनच शिकतात, आणि आजचा नमुना "प्रार्थिया का विवाह" या शब्दांनी सुरू होतो. तो बदलून "प्रार्थी अनावेदक का पुत्र है" किंवा "पुत्री है" असा करावा. हा बदल करायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.



आपली नम्र,
एक देवासकर